पप्पांबरोबर कासव सोडवायला: मुलांना काय करू द्यावं, काय नको



बंदी सुरू झाली. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली गेल्या, इंजिनं उतरवून घरात आली, अंगणात जाळी दुरुस्तीला काढली. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस ट्रॉलर आणि इंजिनाच्या होड्या किनाऱ्यालाच. पण समुद्र काही सुट्टी घेत नाही. पावसाळी लाटा रोज काहीतरी आणून टाकतात. ओंडके, बाटल्या, चपला, तुटकी जाळी. आणि त्या जाळ्यांत अडकलेली कासवं.

अशी कासवं बऱ्याचदा आपल्या पोरांनाच आधी दिसतात. शाळेतून येताना, होडीवरचं पाणी काढायला जाताना. मग घरी धावत येऊन सांगतात आणि लगेच विचारतात, "पप्पा, मी पण येऊ?"

यावर आपल्यात दोन उत्तरं असतात. कोणी म्हणतं, "घरात बस, तुझं काम नाही ते." कोणी म्हणतं, "चल, धर तिकडून." आमच्या अनुभवाने सांगतो, दोन्ही बरोबर नाहीत. मुलाला न्यावं, पण त्याचं काम आधी ठरवून न्यावं. ते काम कोणतं, आणि मोठ्यांनी काय करायचं, हे आज सविस्तर लिहितो.

गेल्या जुलैतली गोष्ट

आपल्या एका सभासदाची मुलगी सातवीत आहे. रविवारी सकाळी पाऊस थोडा थांबला म्हणून दोघं होडी बघायला किनाऱ्यावर गेली. पुढे चार कुत्री एका हिरव्या गोळ्याभोवती भुंकत होती. जवळ जाऊन बघतात तर ट्रॉलच्या जाळ्याचा गुंता, आणि आत कासव. जिवंत. पुढचा उजवा पर दोरीने इतका कापला होता की आतलं हाड दिसत होतं.

बापाने पहिल्यांदा काय करावं? त्याने सुरी काढली आणि ठरवलं की जाळं कापायचं, कासव पाण्यात ढकलायचं. आपल्यापैकी बहुतेकांनी हेच केलं असतं. आम्हीही वर्षानुवर्षं हेच करत आलो. पण तेवढ्यात जीवरक्षक आला आणि त्याने सांगितलं की पाण्यात सोडू नका, वनखात्याला कळवू.

गाडी यायला अडीच तास लागले. त्या अडीच तासांत मुलीने काठी घेऊन कुत्र्यांना लांब ठेवलं. मोबाईल घेऊन जवळ येणाऱ्यांना "मागे राहा, त्याला त्रास होतो" असं सांगितलं. कासवाला एकदाही हात लावला नाही. पण तिने एक प्रश्न विचारला.

"पप्पा, हे जाळं कोणाचं?"

बापाने तुकडा उलटापालटा करून बघितला. गाठ बघितली, डोळा बघितला. मग म्हणाला, "कोणाचं ते नाही सांगता येत, बाय. पण आपल्यासारख्याच कोणाचं तरी."

त्या कासवाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी कामाचं बोलू.

किनाऱ्यावर आलेलं कासव परत का ढकलायचं नाही

आपल्याकडे येणारी कासवं बहुतेक ऑलिव्ह रिडले जातीची. पाठ साधारण ६० ते ७० सेंटीमीटर, वजन ३५ ते ५० किलोपर्यंत. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे अंडी घालायला येतात तीच ही.

कासव माशासारखं पाण्यात श्वास घेत नाही. त्याला फुप्फुसं आहेत, वर येऊन हवा घ्यावी लागते. निवांत असेल तर ते बराच वेळ खाली राहू शकतं. पण जाळ्यात अडकून धडपडायला लागलं की हवा लवकर संपते आणि ते बुडून मरतं. समुद्रातला जीव पाण्यात बुडतो हे ऐकून मुलांना आश्चर्य वाटतं. त्यांना नीट समजावून सांगा. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

निरोगी कासव मादी असेल आणि अंडी घालायची असतील तरच वाळूवर येतं, तेही सहसा रात्री. पावसाळ्यात दिवसाढवळ्या वाळूवर पडलेलं कासव आजारी, जखमी किंवा दमलेलं असतं. काही कासवांना बुडीच मारता येत नाही, ती बुचासारखी वर तरंगत राहतात. अशा कासवाला पाण्यात ढकललं की लाट त्याला परत खडकावर आपटते, किंवा ते बाहेर जाऊन मरतं. आपल्याला वाटतं जीव वाचवला, पण तसं होत नाही.

किनाऱ्यावर मोठ्यांनी काय करावं

१. आधी कळवा. वनखातं किंवा किनाऱ्यावरचा जीवरक्षक. दोन्हीपैकी कोणाचाच नंबर नसेल तर ११२. आपल्या भागातल्या वनरक्षकाचा नंबर आजच मोबाईलमध्ये घालून ठेवा, त्या वेळी शोधत बसू नका.

२. लाटेच्या बाहेर, सावलीत घ्या. दोघांनी कवच दोन्ही बाजूंनी धरून उचलायचं. पर धरून ओढायचं नाही, सांधा निखळतो. उताणं टाकायचं नाही.

३. गोणपाट किंवा जुनं सुती कापड खाऱ्या पाण्यात भिजवून पाठीवर घाला. नाक आणि तोंड उघडं ठेवा.

४. जाळं कापताना धागा मासापासून उचलून मग कात्री लावा. ओढून काढू नका. धागा मासात रुतला असेल तर तेवढा तसाच ठेवा, डॉक्टर काढतील.

५. तोंडातून किंवा मागून तंगूस लोंबत असेल तर अजिबात ओढू नका. आत गळ असू शकतो, आतडं फाटतं. दोरी बाहेर दिसेल इतकी राहू द्या.

६. टबात किंवा टाकीत पाणी भरून ठेवू नका. दमलेलं कासव डोकं वर धरू शकत नाही, हातभर पाण्यातही बुडतं. गोडं पाणी पाजू नका, मासळी भरवू नका.

बाहेर होडीत असताना जाळ्यात आलं तर

हे बंदी उठल्यानंतरचं, पण आताच वाचून ठेवा.

जाळ्यात आलेलं कासव हालचाल करत नसेल तर ते मेलंच असं समजू नका. फुप्फुसात पाणी गेलं की ते बेशुद्ध पडतं. त्याला पोटावर ठेवा आणि मागची बाजू वीतभर उंच करा. मागच्या बाजूखाली फळी किंवा टायर सरकवला तरी चालतं. आत गेलेलं पाणी हळूहळू बाहेर येतं. सावली धरा, ओलं कापड घाला. मधूनमधून शेपटीला हलकं बोट लावून बघा, हलते का. कधी कधी तासाभरात जागं होतं, कधी बराच वेळ लागतो. कमीत कमी चार तास वाट बघा, जमलं तर २४ तासही. छातीवर दाबू नका, पाय देऊ नका.

जागं होऊन जोरात पर मारायला लागलं की सोडा. इंजिन न्यूट्रलला, जाळं पाण्यात नाही, मागच्या बाजूने, पाण्याच्या अगदी जवळून. वरून फेकायचं नाही. लांब गेलेलं दिसल्यावरच गियर टाका. जखमी असेल तर धक्क्यावर वनखात्याची माणसं बोलावून त्यांच्याच हाती द्या.

घरी आणायचं नाही, विकायचं नाही, अंडी घ्यायची नाहीत. समुद्री कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत. नव्या दुरुस्तीनंतर शिक्षा कमीत कमी तीन वर्षं आणि दंड कमीत कमी २५,००० रुपये आहे.

आता मुलांचं काम

मुलाला नुसतं "बघत बस" सांगितलं तर ते कंटाळतं, मग हात घालतं. म्हणून त्याला खरं काम द्या. आमच्या अनुभवात ही पाच कामं दहा-बारा वर्षांच्या मुलाला छान जमतात.

पहारा. कुत्री, कावळे आणि गर्दी लांब ठेवायची. दहा पावलांवर वाळूत काठीने रेघ ओढायची, त्याच्या आत कोणी नाही. सेल्फी नाही, आरडाओरडा नाही. मोठी माणसं एकवेळ आमचं ऐकत नाहीत, पण लहान मुलीने सांगितलं की लाजून मागे सरतात.

पाणी. कापड सुकलं की सांगायचं. बालदी भरून मोठ्यांच्या हातात द्यायची. पण लाटेजवळ पाणी भरायला मुलाला एकटं पाठवायचं नाही. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातूनही लाट ओढून नेते.

वही. तारीख, वेळ, जागा, कासव जिवंत की मेलेलं, जखम कुठे, अंगावर जाळं होतं का, कोणत्या रंगाचं. शाळेच्या जुन्या वहीची कोरी पानं पुरतात. वनखात्याची माणसं आली की वाचून दाखवायचं. आपण मोठे घाईत या गोष्टी विसरतो.

मोजणी. कासवाच्या पाठीवर मधली एक ओळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना मोठे चौकोनी तुकडे. एका बाजूचे लांबून मोजायचे. चार असतील तर ते हिरवं कासव किंवा चोचीचं कासव असू शकतं. सहा किंवा जास्त असतील तर बहुतेक ऑलिव्ह रिडले. कोणाचीही मदत न घेता हे ओळखता आलं की मुलाची छाती कशी फुगते ते बघा.

टॅग बघणं. पुढच्या परावर कधी कधी धातूची छोटी पट्टी असते, तिच्यावर नंबर असतो. तो वहीत उतरवायचा, पट्टी काढायची नाही. नंबराची किंमत काय? २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे पूर्व किनाऱ्यावरची कासवं देशाला वळसा घालून आपल्या बाजूला येतात, हे कळलं ते कोणीतरी तो नंबर वाचला म्हणून. मुलांना हे सांगा. तुमच्या पोराच्या वहीतला नंबरही असाच कुठला तरी लांबचा किनारा सांगेल.

मुलांनी काय करायचं नाही

कासवाला हात लावायचा नाही. एक तर ते चावतं, आणि रिडलेच्या जबड्यात खेकडा फोडण्याचं बळ असतं, बोट काय चीज आहे. दुसरं म्हणजे कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, त्याने जुलाब आणि ताप येतो. मोठ्यांनीही मोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

जाळ्याच्या गुंत्यात मुलाने हात घालायचा नाही. हे आम्ही दोनदा लिहू. गुंत्यात हात घालायचा नाही. आपल्याकडच्या जाळ्यात दर्यातले साप येतात हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. ते विषारी असतात, आणि आपल्याला मेल्यासारखे वाटले तरी जिवंत असतात. शिवाय शिंगाळ्याचा काटा, वाघळीचा काटा, गुंडाळलेली जेली. हे सगळं त्याच गुंत्यात असतं.

सुरी-कात्री मुलाच्या हातात नाही. खवळलेल्या पाण्यात उतरणं नाही. रात्री एकट्याने जाणं नाही. आणि कासव सोडवायला म्हणून मुलाला होडीत घालून बाहेर नेणं तर नाहीच.

डॉल्फिन किनाऱ्यावर लागला तरी नियम हेच, फक्त दोन गोष्टी वेगळ्या. त्याचं नाक डोक्याच्या वर असतं, त्या भोकात पाणी किंवा वाळू जाता कामा नये, ओलं कापडही त्यावर येऊ नये. आणि शेपटीला दोरी बांधून ओढायचं नाही. मुलांना त्याच्या शेपटीच्या बाजूला उभं करू नका, एका फटक्यात माणूस पडतो.

अंड्यांच्या दिवसांत, म्हणजे थंडीत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, मुलांचं काम आणखी सोपं. मादी वर येताना दिसली तर टॉर्च बंद, आवाज बंद, लांब बसायचं. ती वाळूत शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात. पिल्लं उजेडाकडे जातात. किनाऱ्यावर दिवा असेल तर समुद्र सोडून रस्त्याकडे निघतात. त्या दिवसांत रात्री घराबाहेरचा दिवा बंद करायचा, हे काम पहिलीतलं पोरही करू शकतं.

जाळं कापायचं म्हणजे पैसे कापायचे

इथे थोडं स्पष्ट बोलू. कासव सोडवणं पुण्याचं काम आहे हे सगळे मान्य करतात. पण जिवंत कासव चांगल्या जाळ्यात आलं आणि जाळं कापायची वेळ आली की हात थांबतो. जाळं फुकट येत नाही. सोसायटीचं कर्ज डोक्यावर असतं. हे मुलासमोर लपवू नका. बाप विचार करतो आणि मग कापतो, हे मुलाने बघितलं तर त्याला समजतं की या कामाची किंमत आपण स्वतः देतो.

शेजारच्या महाराष्ट्रात सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये ठरवलं की संरक्षित जीव सोडवताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळेल. त्यासाठी कापलेल्या जाळ्याचे आणि जीव सोडतानाचे फोटो लागतात. म्हणून आमचं सांगणं, तुम्ही कुठल्याही बंदराचे असा, जाळं कापण्याआधी, कापताना आणि सोडताना फोटो काढून ठेवाच. नोंद असेल तर पुढे मागणी करता येते, नुसत्या तोंडी बोलण्यावर कोणी पैसे देत नाही.

आणि कासव वाचणं हा आपल्या धंद्याचाही विषय आहे. अमेरिकेने २०१९ पासून भारतातली समुद्रातून पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं. कारण काय, तर आपल्या ट्रॉल जाळ्यांना कासव बाहेर पडण्याची खिडकी नाही. ती खिडकी म्हणजे टेड. एवढं मोठं गिऱ्हाईक गेलं की भाव कोणाचा पडतो, हे ट्रॉलरवाल्यांना सांगायची गरज नाही.

त्या कासवाचं काय झालं

डॉक्टरांनी तो पर काढला. तीन परांवरही कासवं जगतात, त्यामुळे आशा होती. मुलगी रोज संध्याकाळी विचारायची, बाप फोन करायचा. सहाव्या दिवशी ते गेलं.

बापाने आधी ठरवलं होतं की "समुद्रात सोडलं" असं सांगून टाकू. मग बायकोने त्याला अडवलं. तिने विचारलं, उद्या तिला दुसऱ्या कोणाकडून कळलं तर? त्याने मुलीला खरं सांगितलं. ती दोन दिवस कोणाशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी अंगणात जाळं दुरुस्त करायला बसलेल्या बापाजवळ आली आणि कापून टाकलेले तुकडे गोळा करायला लागली. तंगुसाचे बारीक तुकडेसुद्धा. एका रिकाम्या गोणीत भरले आणि म्हणाली, "हे दर्यात जायचं नाही."

ती गोणी आता त्यांच्या पडवीत कायमची आहे. तिचं बघून आपल्या आणखी काही घरांत अशा गोण्या लागल्या आहेत. समुद्रात सुटलेलं जाळं वर्षानुवर्षं कुजत नाही, ते कोणाच्याही हाताशिवाय मासळी मारत राहतं, कासवं मारत राहतं. आपल्याच वाट्याची मासळी. गोणीभर तुकड्यांनी सगळा समुद्र स्वच्छ होणार नाही हे आम्हालाही कळतं. पण त्या मुलीच्या प्रश्नाला बापाकडे निदान आपल्या घरापुरतं उत्तर आहे.

म्हणून मंडळी, पुढच्या वेळी पोराने विचारलं, "मी पण येऊ?" तर त्याला सोबत घ्या. हातात वही द्या, काठी द्या, रेघ ओढून द्या. जीव वाचला तर दोघांनी मिळून आनंद करा. नाही वाचला तर खरं सांगा, आणि घरी येऊन गोणी बांधा.

या बंदीत जाळी दुरुस्त करताना निघालेले तुकडे जाळू नका, ओढ्यात किंवा नदीत टाकू नका. गोणीत भरून सोसायटीच्या शेडमध्ये आणून ठेवा, पुढची व्यवस्था आम्ही बघतो.

हा लेख आपल्या वाड्यावरच्या गटात पाठवा, आणि मुलांना वाचून दाखवा.

नारळी पौर्णिमेला भेटूच. सगळ्यांना दर्या सुखरूप राखो.